पांढरं दिसतं ते हाड नव्हे

"हाड भरलं का हो काका?" असं आमच्या एक्स-रे खोलीत एखाद्या पेशंटने विचारलं, की काका आधी त्याला टेबलावरून उतरायला मदत करायचे, चपला पायाशी सरकवून द्यायचे आणि मग म्हणायचे, "मी फक्त फोटो काढतो. भरलं की नाही ते डॉक्टर सांगतील. त्यांनी सांगितलं की मला येऊन सांगा, मलाही जाणून घ्यायचंय." हे शेवटचं वाक्य ते इतक्या गंभीरपणे बोलत की निम्मी माणसं खरोखरच परत यायची. दारातूनच ओरडायची, "काका, भरलं म्हणाले!" काका मान हलवायचे. ती मान होकाराची की नकाराची, हे सहा वर्षं शेजारी उभी राहूनही मला कधी कळलं नाही.

पेठेतल्या एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी त्यांच्या हाताखाली एक्स-रे टेक्निशियन होते. आमची खोली जिन्यामागे, कँटीनच्या भटारखान्याला लागून. सकाळी अकरानंतर सगळ्या पेशंटांना कांद्याच्या फोडणीचा वास यायचा आणि उपाशीपोटी आलेले बिचारे कासावीस व्हायचे. काकांच्या गमती सांगायला बसलं तर पुष्कळ आहेत. तिथली जुनी माणसं भेटली की आम्ही त्या सांगतो आणि हसतोही. पण त्या सगळ्या गमतींच्या खाली एक पाय आहे, गुडघ्याखाली कापलेला. तो माझ्यामुळे गेला. काकांबद्दल लिहायचं आणि तो पाय टाळायचा हे मला जमणार नाही, आणि काकांना तर अजिबात चाललं नसतं.

ते ठेंगणे होते. कडक इस्त्रीचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात दोन चष्मे, एक लांबचा, एक जवळचा. दोन्ही टाके घालायच्या दोऱ्याने बांधलेले. पुण्यात जन्म जाऊनही त्यांनी दारावर एकसुद्धा पाटी लावली नव्हती. "पाटी वाचून माणूस आत येतो आणि तेच विचारतो, मग दोनदा चिडायचं कशाला?" म्हणायचे. खूश असले की मला "अगं" म्हणत. रागावले की "आपण" सुरू. "आपण जेवून आलात वाटतं," असं ऐकू आलं की समजायचं, घड्याळात दोन वाजून दोन मिनिटं झाली आहेत. शेवटची तीन वर्षं, म्हणजे ते वारेपर्यंत, ते माझ्याशी फक्त "आपण" म्हणूनच बोलले. रस्त्यात भेटलो तर थांबायचे, "आपण कशा आहात?" विचारायचे आणि उत्तर पूर्ण ऐकून मगच पुढे जायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे खाकी कागद. हाड मोडलेला पेशंट पहिल्यांदा आला की काका टेबलावर खाकी कागद अंथरायचे, पाय त्यावर ठेवायचे आणि पेन्सिलीने पायाची आखणी करायचे. टाच कुठे, अंगठा कुणीकडे, गुडघ्याची वाटी कुठल्या बाजूला बघतेय, सगळ्याच्या खुणा. पुढच्या महिन्यात तोच कागद, तीच रेघ, पाय बरोबर रेघेत. "पाय करंगळीएवढा वळला तरी फोटो थापा मारतो," म्हणायचे. या कागदांच्या सुरळ्या त्यांनी भिंतीवर लटकवलेल्या प्लंबरच्या पाइपांच्या तुकड्यांत खोचून ठेवल्या होत्या. पाइपावर माणसाचं नाव नाही. "उजवी नडगी, बिबवेवाडी." "डावी मांडी, कात्रज." नावं लक्षात ठेवायला ऑफिसात चार माणसं आहेत, पाय लक्षात ठेवायला आपण दोघंच आहोत, असा त्यांचा हिशेब.

दुसरा वेडेपणा म्हणजे जिना. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत जुन्या अॅम्प्लिफायरमधला अॅल्युमिनियमचा एक ठोकळा त्यांना मिळाला. एका दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून कानशीने घासघासून त्यांनी त्याच्या सात पायऱ्या केल्या. काडेपेटीएवढा जिना. तो पायाशेजारी ठेवायचा आणि मग फोटो काढायचा. फोटोत पहिली पातळ पायरी करडी उमटते, सातवी जाड पायरी पांढरीशुभ्र. याचं कारण असं, की हल्लीच्या मशीनमध्ये कॉम्प्युटर फोटो आपोआप उजळून देतो. तेच हाड सोमवारी पांढरं आणि गुरुवारी मळकट दिसू शकतं. शेजारी जिना असला की फसगत होत नाही, कारण फोटोबरोबर जिनाही उजळतो. मग काका चिठ्ठी लिहायचे, "पायरी पाच. कडा तीक्ष्ण." ही चिठ्ठी पेशंटच्या पाकिटाला टाचणीने लावून डॉक्टरांकडे जायची, आणि बहुतेक वेळा टाचणीसकट टोपलीत जायची.

पायरी पाच म्हणजे काय, कडा कसल्या, हे मला त्यांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. हाडात मोठी पोकळी राहिली तर ती भरायला पूर्वी पेशंटच्याच कमरेतून हाड काढून घालत. अजूनही घालतात. पण हल्ली तयार दाणे मिळतात, कारखान्यात बनवलेले, कॅल्शियमचे. खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे दिसतात. डॉक्टर ते पोकळीत भरतात, वर धातूची पट्टी आणि स्क्रू लावतात आणि शिवून टाकतात. काकांनी एक दिवस खिशातून पुडी काढली आणि खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवला.

"तोंडात ठेव. चावायचं नाही. पाच मिनिटांनी काढून दाखव."

मला वाटलं प्रसाद असेल. पाच मिनिटांनी मी लाजत तो ओला खडा बाहेर काढला. काकांनी जवळचा चष्मा लावून तो निरखला.

"कडा गेल्या?"

"गेल्या."

"लहान झाला?"

"थोडासा."

"हेच बघायचं. दाणे पहिल्या दिवसापासून फोटोत पांढरे दिसतात, हाडापेक्षा पांढरे. पांढरं दिसतं ते हाड नव्हे. शरीर तो दाणा कडेकडेने खातं आणि खाल्लेल्या जागी आपलं हाड घालतं. म्हणजे फोटोत पांढरेपणा कमी व्हायला हवा, आज पाचव्या पायरीइतका असला तर पुढे चौथ्या, तिसऱ्या पायरीइतका, कडा पुसट व्हायला हव्यात, मग त्यातून बारीक रेघा यायला हव्यात, जुन्या हाडातून नव्यात जाणाऱ्या. दाणे महिनोन् महिने तसेच कडक, टोकदार दिसत राहिले, तर ती नुसती खडी आहे. खडीवर कुणी उभं राहतं का?"

"किती दिवस लागतात काका?"

"तरण्याला कमी. म्हाताऱ्याला, डायबेटिसवाल्याला, विड्या ओढणाऱ्याला जास्त. काहींना वर्ष, काहींना दोन. काहींचे दाणे आत तसेच राहतात. फोटो झकास येतो आणि माणूस लंगडत असतो." मग मला म्हणाले, "आता खा तो खडा. टाकू नकोस."

हे सगळं ते कोणालाही ऐकवायला तयार असत, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं. आमचे हाडांचे मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे "सर" म्हणत, ते हुशार होते, हात चांगला होता, पण ओपीडीत एका सकाळी साठ-सत्तर माणसं. स्क्रीनवर बोट फिरवायचे, चाल म्हणायचे किंवा बस म्हणायचे. एकदा दाणे विकणाऱ्या कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. त्याने सरांच्या केबिनमध्ये फोटो दाखवले. बघा सर, पहिल्या दिवसापासून गॅप भरलेली दिसते, पेशंटलाही समाधान. काका काही कागद द्यायला तिथे गेले होते. त्यांनी विचारलं, "एक पुडी नमुन्याला मिळेल?" त्या माणसाने खुशीने दिली. दहा मिनिटांनी काकांनी सरांच्या स्क्रीनवर एक फोटो पाठवला. रिकाम्या टेबलावर कागदाच्या द्रोणात ठेवलेले दाणे, पांढरेधोप. त्याखाली टाइप केलं होतं, "गॅप पूर्ण भरली. पेशंट अजून आलेला नाही."

हॉस्पिटल दोन दिवस हसत होतं. सर हसले नाहीत. त्यानंतर जिना फोटोत दिसला की ते म्हणायला लागले, "हे भंगार काढा जरा फोटोतून." काकांनी काढलं नाही. मला मात्र ते वाक्य लागलं. मी तरुण होते, मला सरांच्या बाजूची व्हायचं होतं.

संध्याकाळी सुट्टी झाली की आम्ही बसस्टॉपपर्यंत बरोबर चालायचो. काका समोरच्या माणसांची तोंडं कधी बघत नसत, चाल बघत. "तो निळा शर्ट. उजवा खुबा. दोन वर्षांत आपल्याकडे." "त्या बाईंचा घोटा जुना मोडलेला आहे, त्यांना माहीतच नाही." एकदा मी म्हटलं, काका, निदान गणपतीच्या गर्दीत तरी माणसांकडे माणसं म्हणून बघा. तर म्हणाले, "चाल बघणं म्हणजेच माणूस बघणं. तोंडाने माणूस खोटं बोलतो." घरी ते एकटे. बायको होती की वारली होती की लग्नच नव्हतं झालं, यावर हॉस्पिटलात तीन मतं होती आणि तिन्ही ठामपणे मांडली जात. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

मास्तर आले ते पावसाळा संपताना. बिबवेवाडीतल्या एका शिवणकामाच्या दुकानात ते कटिंग मास्तर होते. लग्नाच्या शेरवान्या, जोधपुरी. दिवसभर टेबलाशी उभं राहून कापायचं. कात्रजच्या चौकात टेम्पोने स्कूटरला धडक दिली आणि उजव्या नडगीचा दोन बोटांएवढा तुकडा पार चुरा झाला. सरांनी पट्टी घातली, दाणे भरले. वय पन्नाशीचं, डायबेटिस. काकांनी खाकी कागदावर आखणी केली, तेव्हा मास्तर पेन्सिल बघून म्हणाले, "रेघ जरा बाहेरून घ्या काका, शिलाई आत जाते." काका हसले. मी त्यांना पेशंटबरोबर हसताना पाहिलं ते एवढंच.

पहिल्या महिन्याची चिठ्ठी, पायरी पाच, कडा तीक्ष्ण. दुसऱ्या महिन्याची तीच. तिसऱ्या महिन्याची तीच, खाली एक रेघ मारलेली. मास्तरांना लग्नसराईच्या आधी उभं राहायचं होतं. दुकानमालक चांगला माणूस होता, पण त्याने टेबलाशी तात्पुरता दुसरा कारागीर ठेवला होता, आणि तात्पुरता माणूस किती दिवस तात्पुरता राहतो हे मास्तरांना ठाऊक होतं.

चौथ्या फोटोच्या वेळी काका नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्यांचं. जाताना मला म्हणाले होते, "पंधरा दिवस नाही मी. कागद पाइपात आहेत, जिना ड्रॉवरमध्ये. फार काही नाही."

शनिवार होता. बाहेर बाकावर वीस माणसं. मास्तर कुबड्यांवर आत आले, त्यांची बायको पिशवी धरून दारात. मी पाइपाकडे पाहिलं. कागद काढायचा, पसरायचा, पाय रेघेत बसवायचा, म्हणजे पाच मिनिटं. मी काढला नाही. जिनाही ठेवला नाही, सरांना आवडत नाही म्हणून. पाय जसा सहज टेकला तसा टेकवला. तो किंचित आत वळलेला होता, त्यामुळे दाणे एकामागे एक आले आणि वरून खालपर्यंत हाड सलग भरल्यासारखं दिसलं. कॉम्प्युटरने ते छान उजळून दिलं. खोटं कशाला बोलू, फोटो बघून मला आनंद झाला. मधली फट नाही, बाजूला भंगार नाही. पुस्तकात छापावा असा फोटो. ओपीडीतून सरांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, "व्हेरी गुड. असे फोटो येऊ देत." आणि मास्तरांना सांगितलं, चाला. आठवडाभर एक कुबडी, मग काठी.

मास्तर परत येऊन दारात उभे राहिले. "ताई, काकांना सांगा, भरलं म्हणाले." त्यांच्या बायकोने मला पेढा दिला. मी खाल्ला.

काका पंधरा दिवस कुठले थांबतात. मंगळवारी सकाळी काळा चष्मा लावून हजर. स्क्रीनकडे बघायला मनाई होती, म्हणून ते मिनिटभर बघायचे, डोळे मिटायचे, पुन्हा बघायचे. अशा रीतीने त्यांनी मागच्या आठवड्याचे सगळे फोटो काढून पाहिले. एका फोटोशी थांबले.

"कागद कुठाय?"

मी भिंतीवरच्या पाइपाकडे पाहिलं.

"जिना?"

"काका, सरांनीच सांगितलं होतं..."

"आपण हा पाय वळवलाय." ते उठले आणि सरांकडे गेले. केबिनचं दार उघडंच होतं, मला ऐकू येत होतं. सर ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, "काका, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना तुमचं? घरी जाऊन विश्रांती घ्या. मला दिसतोय तो फोटो."

परत येऊन काका मला म्हणाले, "रजिस्टरमध्ये मास्तरांचा नंबर आहे. मला आकडे दिसत नाहीयेत. त्यांना फोन कर. म्हणावं पाय टेकू नका, पुन्हा फोटो काढायचाय, रिक्षा करून या. सरांचं मी बघतो." मग त्यांच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, औषधाचं असेल, आणि वॉर्डबॉय त्यांना घरी सोडायला गेला.

मी रजिस्टर उघडलं. नंबर काढला. तेवढ्यात सर जाताजाता दारात थांबले. "माझ्या पेशंटना घाबरवायचं नाही हं कुणी." एवढंच. संध्याकाळी काकांचा फोन आला, "केलास?" मी "हो" म्हटलं. उद्या सर ऑपरेशनमध्ये असतील तेव्हा करू, असं मी ठरवलं होतं. बुधवारी ते ऑपरेशनमध्ये होते. मी फोन केला नाही. का, याचं उत्तर मी स्वतःला शंभर वेळा विचारलं आहे. भीती होती, आळस होता, आणि तो देखणा फोटो चूक आहे हे मानायची माझी तयारी नव्हती.

गुरुवारी सकाळी मास्तर अॅम्ब्युलन्समधून आले. घरात चालताना आतली पट्टी तुटली होती आणि तिचं टोक कातडी फाडून बाहेर आलं होतं. तो फोटो काकांनी काढला, काळ्या चष्म्यातून. जिना ठेवायची आता गरज नव्हती. तीन ऑपरेशनं झाली, जखम चिघळली, साखर आटोक्यात येईना, आणि दीड महिन्याने पाय कापला. केसपेपरवर कारण लिहिलं गेलं ते डायबेटिस. ते खोटं नव्हतंच. काकांनी वर एक अर्ज दिला, त्याचं पुढे काहीही झालं नाही.

फोनबद्दल त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मी केला, मास्तरांनी ऐकलं नाही, असं ते समजून होते. मला मात्र दर आठ-दहा दिवसांनी एक प्रश्न विचारायचे, चहा पिताना, मशीन पुसताना. "बिबवेवाडीला कधी जायचं?" मी म्हणायची, जाऊ. ते म्हणायचे, "पाय गेला की घरातलं कुणीतरी गुन्हेगार ठरतं. नेहमी ठरतं, चाळीस वर्षं बघतोय. भलतंच माणूस ठरलं असेल तर?" मी पुन्हा म्हणायची, जाऊ. आठ महिने असे गेले. मग त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस आला. शाल, श्रीफळ, भाषणं, सरसुद्धा चार शब्द चांगले बोलले. सामोसे वाटायला सुरुवात झाली, तेव्हा काका खुर्चीवरून उठले, नारळ पिशवीत टाकला आणि माझ्यासमोर उभे राहिले. "चला."

दुसरा मजला, लिफ्ट नाही. मास्तर दिवाणावर बसून पाटावर कापड ठेवून कापत होते. दुकानातून थोडंफार काम घरी यायचं. कुबड्या भिंतीला टेकलेल्या. त्यांनी आम्हाला ओळखलं, आनंदाने "या, या" केलं आणि आत हाक मारली, "अगं, फोटोवाले काका आलेत, चहा टाक."

"चहा नंतर," काका म्हणाले. "आधी ऐका. मग द्यावासा वाटला तर द्या."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. मी दाराशी उभी.

"तुम्ही चालायला लागलात तेव्हा आत हाड झालेलं नव्हतं. मी तीन फोटो काढले, तिन्हींत ते दिसत होतं. चौथा हिने काढला, माझ्या पद्धतीने नाही काढला, त्यात ते झाकलं गेलं. त्यावरून डॉक्टरांनी चाला म्हटलं. हिला शिकवलं मीच, तेव्हा चूक माझीही आहे."

मास्तरांनी कात्री पाटावर ठेवली. मग विचारलं, "म्हणजे मी थांबलो असतो तर पाय राहिला असता?"

"बरेच महिने थांबावं लागलं असतं. कदाचित पुन्हा ऑपरेशन. पण राहायची शक्यता होती. बरीच होती."

त्या क्षणी मला काकांचा संताप आला. सांगता येत नाही, नशीब, काहीही म्हणता आलं असतं. एवढं मोजून मापून सांगायची काय गरज होती?

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको उभी होती. हात ओले होते. "मग दारामुळे नाही?" तिने विचारलं.

"कुठलं दार?" काकांनी विचारलं.

"त्या दिवशी गॅसवाला आला होता. माझे हात कणकेत होते. मीच म्हटलं यांना, उठा की जरा, आता चालता येतंय ना तुम्हाला. दारापर्यंत गेले आणि..."

"मी कधी एका शब्दाने बोललो का तुला?" मास्तर म्हणाले.

"बोलला नाहीत, म्हणूनच."

काका उठून तिच्यासमोर गेले. "वहिनी, माझं नीट ऐका. तो पाय दारात तुटला नसता तर मोरीत तुटला असता, नाहीतर जिन्यात. आत हाड नव्हतं. नुसती पट्टी सगळं वजन पेलत होती, ती कधीतरी तुटणारच होती. तुमच्या हाकेचा काही संबंध नाही. काडीचा नाही."

ती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मास्तर दिवाणावरून उठायला गेले, कुबडी हातात येईना, म्हणून बसल्या बसल्या तिच्याकडे हात करून म्हणाले, "अगं, ऐकलंस ना? ऐकलंस ना काका काय म्हणाले?" मला वाटतं काका एवढ्यासाठीच आले होते. त्यांनी पिशवी उचलली. त्यांचं काम झालं होतं.

माझं झालं नव्हतं. आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्प बसेन, एवढंच मला कळत होतं.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "काकांनी चूक मंगळवारीच पकडली होती. तुम्हाला फोन करा, पाय टेकू नका म्हणून सांगा, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी नाही केला. त्यांना केला म्हणून खोटं सांगितलं."

काका वळले. जवळचा चष्मा लावून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग काढला.

"मंगळवारी?" मास्तरांची बायको म्हणाली. तिचं रडणं थांबलं होतं. "मंगळवारी, बुधवारी फोन दिवसभर माझ्याच हातात होता. यांचा चालतानाचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवत होते मी."

मग काकांनी हात पुढे केला. "दाखवा."

तिने फोन आणून दिला. काका दोन्ही हातांनी तो डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. मी जवळ गेले नाही, मला फक्त आवाज ऐकू येत होता. व्हिडिओत मास्तरांची बायको पावलं मोजत होती. सात म्हणताना कुणीतरी टाळी वाजवली. अकरा म्हणून झाल्यावर ती आणि मास्तर दोघंही मोठ्याने हसले, आणि व्हिडिओ संपला.